गाडी सोडणारी बाई

गॅरेजचं दार खालून वर जातं, चांगल्या नाटकाच्या पडद्यासारखं. त्यामुळे बघणाऱ्याला आधी पाय दिसतात. त्या सकाळी आधी दिसले दोन टायर, पांढऱ्या काठाचे. मग क्रोमचा बंपर, समोरच्या मेपलची फांदी ज्यात वाकून स्वतःला न्याहाळत होती. मग दोन गोल दिवे, समुद्री हिरव्या रंगाचं बॉनेट, आणि सर्वांत वर सायीच्या रंगाचं छप्पर. गार्लंड मेरिडियन, १९५५ सालची. मुख्य पात्राने प्रवेश केला होता, आणि त्याच्या पायाशी, दुधाच्या उलट्या क्रेटवर बसून, पासष्ट वर्षांची एक बाई टूथब्रशने बंपरच्या खाचा घासत होती.

स्थळ, इंडियाना राज्यातलं एलखॉर्न बेंड. काळ, १९९४च्या ऑगस्टमधला एक शनिवार. बाईचं नाव आर्डिथ वॉयटस.

तिचा नवरा क्लीटस कॉफीचा थर्मास घेऊन आला आणि थबकला.

"तो ब्रश कुणाचा आहे?"

"तुझा."

"आणि मी काय करू?"

"तू दात काढून ग्लासात ठेवतोस, क्लीट. तुला ब्रश कशाला हवा?"

क्लीटसने यावर विचार केला, मुद्दा रास्त आहे असं त्याला वाटलं असावं, कारण त्याने मुकाट्याने कॉफी ओतली. एकोणचाळीस वर्षांच्या संसारात त्याने एवढं शिकून घेतलं होतं की आर्डिथचं निदान आधी तपासावं आणि मगच भांडावं.

निदान करणं हा तिचा धंदाच होता. अठराव्या वर्षी बापाच्या मक्याच्या शेतावरून उठून ती बसने गावात आली आणि गार्लंडच्या कारखान्यात सीटची कव्हरं शिवायला लागली. वर्षभरात मुकादमाच्या लक्षात आलं की या पोरीला दहा फुटांवरून वाकडी रेघ दिसते. त्याने तिला उचलून शेवटच्या टप्प्यावर उभं केलं. हातात पिवळा मेणखडू दिला आणि सतरा नंबरचा बिल्ला दिला. तयार गाडी तिच्यापुढून जायची. दारं लागतात का, दिवे पेटतात का, पाणी मारलं तर काचेतून गळतं का, रंगाला पोपडा आहे का, हे ती बघायची, आणि सगळं ठीक असलं की बॉनेट उघडून इंजिनामागच्या उभ्या पत्र्यावर एक लांब तिरकी रेघ ओढून खाली १७ लिहायची. मग फाटक उघडायचं. कारखान्यात त्याला 'गाडी सोडणं' म्हणत. दिवसाला साठ गाड्या ती सोडायची. काही सोडायची नाही.

न सोडलेल्या गाड्यांतूनच क्लीटस तिच्या आयुष्यात आला. तो समोरच्या काचा बसवायच्या खात्यात होता. एका आठवड्यात तिने त्याच्या अकरा गाड्या परत पाठवल्या तेव्हा तो तावातावाने शेवटच्या टप्प्यावर आला.

"माझ्या काचेत तुला काय खोट दिसते?"

"काचेत नाही. रबरात."

"माझ्या आईनेसुद्धा मला इतक्या वेळा परत पाठवलेलं नाही."

"तिने पाठवायला हवं होतं," असं आर्डिथ म्हणाली आणि पुढच्या गाडीकडे वळली.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्याने तिच्यासमोर साखर भुरभुरवलेला डोनट ठेवला. "यात कुठून गळतं का बघ." आतल्या जॅमने तिचा एप्रन खराब झाला. गळत होता. पुढच्या वसंतात त्यांनी लग्न केलं.

त्याच डिसेंबरात कारखाना बंद पडला. शुक्रवारी सकाळी लोक आले तर फाटकावर कागद होता. तीन हजार दोनशे माणसं थंडीत तो कागद आळीपाळीने वाचत उभी राहिली. क्लीटस गावातल्या घरांच्या खिडक्यांना काचा बसवू लागला. आर्डिथ शाळेच्या स्वयंपाकघरात लागली आणि अठ्ठावीस वर्षं तिने पोरांच्या ताटांत उकडलेला मका वाढला. पोरं सांगतात की ताट परत करताना मिसेस वॉयटस मान तिरकी करून बघायच्या, आणि कुणी मटार रुमालात दडवले असले तर न चुकता सापडायचे.

निवृत्त झाल्यावर लोक फ्लोरिडाला जातात, बिंगो खेळतात. या दोघांनी १९८७ साली टर्की-कोंबड्या पाळणाऱ्या एका शेतकऱ्याच्या गोठ्यातून ही मेरिडियन ओढून आणली. मागच्या सीटवर पिढ्यान् पिढ्या कोंबड्या अंडी घालून गेल्या होत्या. उंदरांनी छताच्या अस्तराचं काय केलं होतं ते सांगवत नाही. गाडीच्या तळाचा पत्रा इतका सडलेला की क्लीटस आत बसला आणि त्याचा एक बूट गॅरेजच्या फरशीला टेकला.

"ब्रेक चालतात," त्याने जाहीर केलं.

मग सात वर्षं. नट तेलात भिजत घालायचे, आठवडाभर थांबायचं, तरी हलले नाहीत तर शिव्या घालायच्या आणि आणखी आठवडा थांबायचं. जुन्या सामानाच्या बाजारात ओहायोपर्यंत जाऊन एका दाराची मूठ आणायची आणि घरी आल्यावर कळायचं की ती डाव्या दाराची आहे. क्लीटस पत्रा कापायचा, जोडायचा, घासायचा. आर्डिथ शिवायची आणि बघायची. तिचं बघणंच क्लीटसला जास्त जड जायचं.

कारण तिला गाडी सुंदर करायची नव्हती. तिला ती खरी करायची होती. डाव्या सीटची शिवण तिने एक दोरा वर घेतली, कारण कारखान्यातलं चार नंबरचं मशीन तशीच शिवायचं. डिकीच्या आतल्या कोपऱ्यात तिने रंगाचा एक ओघळ मुद्दाम सोडला. तेव्हा मात्र क्लीटस हातातला पॉलिश पेपर टाकून खाली बसला.

"सात वर्षं मी आरसा होईपर्यंत घासतोय, आणि तू ओघळ सोडतेस?"

"रंगखात्यात शुक्रवारी दुपारी ओघळ पडायचाच. ही शुक्रवारची गाडी आहे."

"हे कुणाला कळणार?"

"मला."

मात्र हे सगळं तिने फक्त स्वतःसाठी केलं असं नाही. कारखान्याच्या इमारती केव्हाच पाडल्या होत्या. उरली होती फक्त पुढची कचेरी. तिथे आता संग्रहालय होतं, आणि ते चालवायची लव्हॉन टेटम, जी पूर्वी त्याच कचेरीत पगाराची पाकिटं भरायची. संग्रहालयात मालकांची तैलचित्रं होती, आणि जाहिरातींतल्या, कोपरापर्यंत हातमोजे घातलेल्या बायका होत्या. पहिल्या भेटीत आर्डिथ सगळ्या खोल्या फिरून आली आणि म्हणाली, "लव्हॉन, आपण कुठे आहोत यात?"

"आपला फोटो कोण काढत होतं गं? मोठ्या खिडकीजवळ एका गाडीची जागा आहे. आण गाडी. पण समितीचा नियम माहीत आहे ना? गार्लंडच्या संमेलनात सुवर्णपदक मिळालेलीच गाडी ठेवायची." यंदा मात्र तिने बजावलं, "आता नाही आली तर डॉक्टर पेटिबोन त्यांची देतायत. सहीसुद्धा करून बसलेत."

डॉक्टर पेटिबोन हे गावातले दंतवैद्य. क्लीटसचे ग्लासातले दात त्यांच्याच हातचे. त्यांच्या मेरिडियनला रंगाचे सतरा हात दिलेले होते, चमक अशी की डोळे दुखावेत. माणूस भला. पण ती गाडी बघून आर्डिथला नेहमी वाटायचं की अशी गाडी आपण कधी केली नाही. खिडकीजवळ ती उभी राहिली तर गावातली पोरं पुढची पन्नास वर्षं तिला आपल्या आजोबांच्या हातची गाडी समजणार होती. म्हणून तिला सुवर्ण हवं होतं. आयुष्यात प्रथमच तिला कुणीतरी पास करायला हवं होतं.

गार्लंड गाड्यांच्या मंडळाचं वार्षिक संमेलन जिल्ह्याच्या जत्रेच्या मैदानावर भरलं होतं. एका बाजूला वासरं धुवायची शेड, दुसऱ्या बाजूला डुकराच्या तळलेल्या मांसाचे बशीएवढे सँडविच विकणारा ठेला, आणि मध्ये गवतावर ओळीने एकतीस गार्लंड. प्रत्येक गाडीशी एक माणूस, हातात मऊ फडकं. कुणाच्या पेल्यातून लिंबू सरबताचा थेंब उडाला तरी चार जण धावायचे. परीक्षक चारशे गुणांतून वजा करत जातात. तीनशे ऐंशीच्या वर राहिलं की सुवर्ण.

त्यांच्या वाट्याला आलेला परीक्षक होता डॅरिन ओलेनिक. वय अठ्ठावीस, नवी टोपी, काखेत मंडळाने छापलेलं जाड मार्गदर्शक पुस्तक. मुलगा कामाचा होता. गाडीखाली पाठीवर झोपून सरकला, बाहेर आला, डिकीत डोकं घातलं, आणि तिथेच ओरडला, "अरे वा! ओघळ!"

"काय रे, ओघळाचे गुण कापतोस का?" क्लीटसने विचारलं.

"कापतोय कुठे? ओघळ नसला तर कापतो. पुस्तकात आहे. आज तीस गाड्यांत हा पहिला बघतोय."

क्लीटसने बायकोकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर तिने भुवई वर केली असती, आणि ती भुवई त्याला हिवाळ्यापर्यंत पुरली असती.

मग डॅरिनने बॉनेट उघडलं, इंजिनामागच्या पत्र्याकडे बघितलं आणि त्याचा चेहरा पडला.

"मिसेस वॉयटस, ही खूण चुकली आहे."

पत्र्यावर पिवळ्या मेणखडूची एक लांब तिरकी रेघ होती. खाली १७.

"कुठली खूण?" आर्डिथ म्हणाली.

"ही तपासनिसाची. दोन गुण आहेत तिला. तुमचे आत्ता तीनशे एक्याऐंशी होतायत. दोन गेले की तीनशे एकोणऐंशी." त्याला खरोखर वाईट वाटत होतं. त्याने आवाज खाली आणला. "हे बघा, खडूचंच तर आहे. पुसा आणि पुस्तकातल्यासारखी काढा. मी तोपर्यंत टायर पुन्हा बघतो. अगदी सावकाश बघतो."

"पोरा," क्लीटस म्हणाला, "तू कुणाला शिकवतोयस माहीत आहे का? आठ वर्षं ही बाई—"

"थांब क्लीट. पुस्तक दाखवा."

पुस्तक त्यांनी कधी विकतच घेतलं नव्हतं. आपणच पुस्तक आहोत, असं क्लीटसचं म्हणणं होतं. डॅरिनने पान उघडून धरलं. मोठा रंगीत फोटो होता. पत्र्यावर पिवळा गोल, गोलाच्या आत बरोबरची खूण, तिची शेपटी गोलाबाहेर जाऊन हुकासारखी वळलेली. खाली १७.

आर्डिथने चष्मा कपाळावर ढकलला आणि पुस्तक नाकाशी नेलं.

"ही कुठली गाडी?"

"सगळ्यांत अस्सल! गोदामात सापडली, पंचावन्नच्या डिसेंबरातली. एकूण एक्केचाळीस मैल चाललेली. कुणी हातही लावलेला नव्हता. अख्खं पुस्तक त्या एका गाडीवरून लिहिलंय."

"हा हात माझा आहे."

डॅरिन हसला, पण नम्रपणे. "म्हणजे?"

"म्हणजे सतरा नंबर मी. ही शेपटी माझी. पण ही गाडी मी सोडली नव्हती. गोल म्हणजे पाणी. आत बरोबर म्हणजे सापडलं. ही गळकी गाडी आहे, पोरा. परत पाठवलेली."

डॅरिनने फोटो पुन्हा बघितला. पलीकडे वासराला आंघोळ घालणाऱ्या नळीचा आवाज येत होता.

"ती अस्सल राहिली कशी, याचा तुम्ही कुणी विचार केलात का?" आर्डिथ शांतपणे म्हणाली. शाळेत पोरांना हात धुवायला सांगायची तोच हा आवाज. "ज्या गाड्या मी सोडल्या त्या लोकांनी घेतल्या. चालवल्या. त्यांत पोरं बसली, कुत्री बसली, त्या झाडांवर आपटल्या आणि भंगारात गेल्या. ही दुरुस्तीला परत गेली आणि चार दिवसांत कारखाना बंद झाला. दुरुस्त करायला कुणी उरलंच नाही. म्हणून ती नवी राहिली."

डॅरिनने पुस्तक मिटलं. मग हळूच शेजारच्या गाडीच्या उघड्या बॉनेटकडे बघितलं. तिथे पिवळा गोल होता. त्याच्या पलीकडच्या गाडीवरही होता. आर्डिथनेही मान वळवून बघितलं. ओळीने तीस गाड्या, तीस पत्रे, आणि प्रत्येकावर तिचं स्वतःचं अक्षर, कुणी छापा करून, कुणी ब्रशने, कुणी थरथरत्या हाताने काढलेलं. डॉक्टर पेटिबोननी तर पाट्या रंगवणाऱ्या कारागिराकडून काढून घेतलं होतं, शेपटीसकट. ते तिथे उभे राहून एका पाहुण्याला सांगत होते, "आणि ही पास झाल्याची खूण. त्या काळच्या माणसांचा अभिमान बघा यात."

क्लीटसने तोंड उघडलं. आर्डिथने त्याच्या कोपराला हात लावला.

"असू दे."

"असू दे? तिसांच्या तीस गळक्या, आणि आपल्या एकटीला नापास करतायत!"

"त्यांनी आठ-आठ, दहा-दहा वर्षं घातली आहेत. शनिवार आहे. त्यांना जेवू दे."

डॅरिन बिचारा खोकला. "माझा तुमच्यावर विश्वास आहे, मिसेस वॉयटस. पण मला पुस्तकाप्रमाणे गुण द्यावे लागतात. पुस्तक बदलायचं तर समिती बसेल, हिवाळ्यात. आज मी काय लिहू? तुम्ही गोल काढलात तर तीनशे एक्याऐंशी."

"अगं काढ ना," क्लीटस म्हणाला. "तुझंच अक्षर आहे. नक्कलसुद्धा नाही ती."

आर्डिथ पत्र्याकडे बघत राहिली. खिडकीजवळची जागा तिच्यापासून एका अंगठ्याच्या फटकाऱ्यावर होती. पुसायचं आणि गोल काढायचा. पण आठ वर्षांत तिने धड गाडीवर गोल काढला नव्हता आणि गळक्या गाडीवर तिरकी रेघ ओढली नव्हती. एकदा मुकादमाने महिनाअखेरीला हात जोडले होते, तरी नाही.

"जी गळत नाही तिच्यावर मी गोल काढणार नाही," ती म्हणाली.

"मग गळते असं समज."

"समजायचं कशाला? बघू या." तिने वासरांच्या शेडकडे बोट केलं. "ती नळी आण."

"इथे? आर्डिथ, या लोकांच्या गाड्यांवर दव पडलं तर हे डॉक्टरला बोलावतात. इथे पाणी सोडलंस तर चौघांना झटके येतील."

"एक दातांचा आणि एक गुरांचा, दोन डॉक्टर आहेत मैदानात. आण."

क्लीटस नळी ओढत आला तेव्हा फडकी हातातच राहिली, सँडविच तोंडातच राहिले, आणि आजूबाजूच्या तीन मालकांनी आपापल्या गाड्या ढकलत दूर नेल्या. आर्डिथ गाडीत जाऊन बसली. दार लावलं, काच वर केली. टॉर्च घेऊन पुढच्या सीटच्या कडेला आडवी झाली आणि डॅशबोर्डखाली डोकं घातलं. कारखान्यात रोज साठ वेळा ती अशी आडवी व्हायची. आता एकदा व्हायलाच गुडघ्यांनी बोंब मारली.

"चार मिनिटं!" ती आतून ओरडली. "सरळ नाही, खालून वर मार!"

पाणी काचेवर आपटलं आणि सगळं जग बाहेर राहिलं. छपरावर ताशा वाजावा तसा आवाज. आर्डिथने काचेच्या खालच्या कडेवरून बोट फिरवलं. कोरडं. डावा कोपरा कोरडा. मधला सांधा कोरडा. एक मिनिट झालं. दीड झालं. क्लीटसने गेल्या वसंतात ही काच तीनदा काढून तीनदा बसवली होती, गुडघे टेकून, रबराला साबण लावून, देवाचं नाव घेत आणि नको ती नावं घेत. काम चांगलं होतं. तिने तेव्हा तसं त्याला सांगितलं नव्हतं.

दुसरं मिनिट संपता संपता तिच्या लक्षात आलं की ती पाण्याची वाट बघते आहे. हे तिला आवडलं नाही. या कामात असं कधी झालं नव्हतं. बघणाऱ्याने काहीच इच्छू नये, एवढीच तर नोकरी होती. तिने डोळे मिटले, परत उघडले आणि टॉर्च उजव्या कोपऱ्यावर धरला.

तिसऱ्या मिनिटाला तिथे रबराची कडा चमकली. चमक फुगली, टपोरी झाली आणि तिच्या मनगटावर पडली.

एक. एका थेंबाला कारखान्यात कुणी विचारत नसे. तो घामाचाही असू शकतो. चार मिनिटांत तीन पडले तरच गळकी. तिने मनगट तसंच धरलं. छपरावर ताशा वाजतच होता. दोन. दुसरा यायला बराच वेळ लागला, आणि तेवढ्या वेळात तिला क्लीटसची कीव आली, आपली आली, आणि डॉक्टर पेटिबोनचीही थोडी आली. मग तिसरा आला, अजिबात आढेवेढे न घेता.

तिने काचेवर बोटाने टकटक केलं. पाणी थांबलं.

आर्डिथ दार उघडून बाहेर आली. केस कपाळाला चिकटलेले, एप्रनवर धूळ. क्लीटस नळी हातात धरून उभा होता. त्याने तिचा चेहरा बघितला आणि त्याला कळलं. चाळीस वर्षांपूर्वी अकरा वेळा त्याने हाच चेहरा बघितला होता.

"कुठे?"

"उजवा कोपरा."

"किती?"

"तीन."

"तीन!" त्याने नळी खाली टाकली. "तीन थेंबांसाठी तू माणसाला—"

"नियम तू केलेला नाहीस, मीही नाही."

तिने अंगठ्याने तिरकी रेघ पुसली. खिशातून पिवळा मेणखडू काढला आणि एका दमात गोल ओढला, आत बरोबर, शेपटी बाहेर, हूक. खाली १७. तीन सेकंदही लागले नसतील. डॅरिनने पुस्तक उघडून पत्र्याशेजारी धरलं, एकदा इकडे बघितलं, एकदा तिकडे बघितलं, आणि डोक्यावरची टोपी काढली.

"तीनशे एक्याऐंशी," तो म्हणाला. मग जरा थांबून, "मिसेस वॉयटस, आज ही एकच खूण खरी आहे."

टाळ्या वाजल्या. कशासाठी ते टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी कुणालाच माहीत नव्हतं. त्यांना वाटलं, म्हाताऱ्या बाईने भर मैदानात गाडीवर पाणी मारलं, थेंब शिरला नाही, आणि सुवर्ण मिळवलं. डॉक्टर पेटिबोन सर्वांत आधी आले, दोन्ही हातांनी तिचा ओला हात धरला आणि म्हणाले की खिडकीजवळची जागा तुमचीच, यात शंका नाही. आर्डिथने त्यांना खरं काही सांगितलं नाही. तुमच्या गाडीचा रंग फार चमकतो, एवढंच ती म्हणाली, आणि ते खूश झाले.

गर्दी पांगल्यावर लव्हॉन टेटम आली. तिच्या हातात वही होती आणि डोळ्यांत पाणी होतं. पगाराच्या पाकिटांच्या दिवसांतही तिला रडायला फारसं काही लागत नसे.

"सोमवारी ट्रक पाठवते गं. खिडकीजवळ सगळं तयार आहे. फक्त समोर लावायच्या पाटीवर काय लिहू ते सांग. पेटिबोन डॉक्टरांनी लिहून दिलं होतं, 'एका थोर उद्योगाची अमर कलाकृती'. तसलं काहीतरी हवं का?"

"नको."

"मग?"

क्लीटस ओल्या बुटांनी जवळ येऊन उभा राहिला. आर्डिथने गाडीकडे बघितलं, दहा फुटांवरून, मान तिरकी करून.

"लिही, 'मेरिडियन, १९५५. उजव्या कोपऱ्यातून पाणी येतं. दुरुस्तीसाठी परत.'"

"अगं, संग्रहालयात असं लिहितात का?"

"आम्ही असंच लिहायचो."

लव्हॉनने लिहिलं. क्लीटसने तिच्या खांद्यावरून वाकून वहीत बघितलं आणि कण्हला.

"आर्डिथ, तुझ्या पाया पडतो. पन्नास वर्षं पोरं वाचणार ते. निदान माझं नाव तरी त्यात आणू नकोस."

आर्डिथने खडू एप्रनच्या खिशात टाकला.

"लव्हॉन," ती म्हणाली, "खाली लिही, 'काच क्लीटस वॉयटस यांनी बसवली.' आणि नाव जरा मोठं काढ, तो चष्म्याशिवाय बघायला येईल."